ट्रिपचं युनिट आणि मीटरचं युनिट

इलेक्ट्रिक गाडी घेतलेला माणूस कधी ना कधी हा हिशेब मांडतोच. डिस्प्लेवर सरासरी दिसते १०० किलोमीटरला १४ युनिट. गाडी २५० किलोमीटर चालली, म्हणजे ३५ युनिट लागायला हवेत. चार्जिंगच्या मीटरवर मात्र ४० युनिट पडलेले असतात. मग निष्कर्ष निघतात: डिस्प्ले मुद्दाम कमी दाखवतो, मीटर पळतो किंवा बॅटरी उतरली. एवढ्या फरकावरून यातलं काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या ठिकाणी मोजलेले असतात. लोक ते एकमेकांसमोर ठेवून भांडत बसतात, याचा आता खरंच कंटाळा आला आहे.

किलोवॅट म्हणजे या क्षणी वीज किती जोरात खर्च होते आहे ते; किलोवॅट-अवर म्हणजे एकूण किती खर्च झाली ते, अर्थात आपलं एक युनिट. विजेचं बिल वाचणाऱ्यांना हे ठाऊक असतं, म्हणून पुढे जातो.

ट्रिप डिस्प्ले गाडी चालू असताना बॅटरीतून बाहेर गेलेली वीज मोजतो. ब्रेक लावताना किंवा उतारावर मोटर जी वीज परत बॅटरीत भरते, ती त्यातून वजा होते. म्हणून लांब घाट उतरताना आकडा शून्याच्या खाली जाऊ शकतो. त्यात बिघाड काही नाही. मीटर मात्र भिंतीतून निघालेली वीज मोजतो. भिंत आणि बॅटरी यांच्यामध्ये जे काही खर्च होतं, ते डिस्प्लेला दिसतच नाही.

मध्ये काय काय असतं? भिंतीतली वीज एसी (दिशा बदलत राहणारा प्रवाह), बॅटरीला लागते डीसी (एकाच दिशेचा प्रवाह). हे रूपांतर गाडीतला ऑनबोर्ड चार्जर करतो आणि त्यात तो गरम होतो. शिवाय चार्जिंग चालू असेपर्यंत गाडीचे कंट्रोल युनिट, रिले, थंडाव्याचा पंप हे सगळं जागं असतं. वरच्याच उदाहरणात साध्या सॉकेटवरून ३ किलोवॅटने चार्जिंग केलं, तर ४० युनिट ओढायला तेरा तासांहून जास्त वेळ लागतो. जागं राहण्याचा खर्च २०० वॉट धरला, तर तेवढ्यातच साधारण २.७ युनिट गेले. उरलेल्या ३७.३ पैकी सहा टक्के रूपांतराच्या उष्णतेत गेले, की बॅटरीत पोचले ३५. हिशेब जुळला. त्याच गाडीला ७ किलोवॅटचा चार्जर लावा: वेळ सहा तासांच्या आत येतो आणि जागं राहण्याचा खर्च सव्वा युनिटच्याही खाली. हळू चार्जिंग म्हणजे कमी वीज, हा समज म्हणूनच उलटा आहे. सोय असेल तर मी ७ किलोवॅटचाच चार्जर घ्यायला सांगेन.

‘४० युनिटच्या बॅटरीत ४५ युनिट मावले कसे?’ या प्रश्नाचं उत्तरही हेच. ते मावलेच नाहीत. वरचे जास्तीचे बरेचसे वाटेतच उष्णता झाले. त्या ४५ वरून बॅटरीची क्षमता ठरवू नका.

डीसी फास्ट चार्जिंगमध्ये रूपांतर स्टेशनच्या यंत्रात होतं. यंत्राने गाडीला दिलेली डीसी वीज मोजली, तर हा फरक बराच कमी दिसतो. बॅटरी थंड किंवा गरम करायला गाडी जी वीज वापरते, ती तरीही त्यात धरलेली असते.

आणखी एक गळती उभ्या गाडीची. निघण्याआधी प्लग लावून केबिन थंड केली, तर ती वीज मीटरवर येते, ट्रिपमध्ये येत नाही. पार्किंगमध्ये सुरक्षेचे कॅमेरे चालू ठेवले, तर ते बॅटरीतून खातात आणि अनेक गाड्यांच्या ट्रिपमध्ये तेही धरलं जात नाही. काही गाड्या ‘शेवटच्या चार्जिंगपासून’ या आकड्यात ते धरतात. आपली गाडी काय करते, हे मॅन्युअलमध्ये बघा. तुलना करायची तर चार-पाच चार्जिंगची एकत्र करा आणि सुरुवातीला व शेवटी बॅटरीची टक्केवारी सारखी ठेवा. एकाच रात्रीच्या आकड्यावरून काही ठरत नाही.

खर्चासाठी मीटर बघायचा, रेंजसाठी डिस्प्ले. यात मला तडजोड मान्य नाही. ‘डब्ल्यूएलटीपी’ या गाड्यांचा वापर आणि रेंज मोजण्याच्या प्रमाणित चाचणीत जाहीर होणारा वीजवापर चार्जिंगमधली गळती धरून, म्हणजे भिंतीपासून मोजलेला असतो. त्याच्याशी आपल्या डिस्प्लेचा आकडा ताडून ‘माझी गाडी कंपनीच्या दाव्यापेक्षा कमी खाते’ म्हणणं चूक आहे. तिथे मीटरचाच आकडा लावायला हवा.

छोट्या फेरीचा भलामोठा आकडा बघून घाबरायचं कारण नाही. पाच मिनिटांत दोन किलोमीटर गेलात आणि केबिन थंड करणारा एसी २ किलोवॅट ओढत होता, तर त्या एसीनेच किलोमीटरमागे सुमारे ८३ वॉट-अवर, म्हणजे १०० किलोमीटरला ८.३ युनिट, वाढवले. पुढच्या वीस किलोमीटरमध्ये हा आकडा आपोआप खाली येतो.

शेवटचं, डिस्प्लेच्या सेटिंगबद्दल. ‘एका युनिटला किती किलोमीटर’ हा पर्याय मला अजिबात आवडत नाही. पेट्रोलच्या मायलेजची सवय असलेल्यांना तो ओळखीचा वाटतो, पण सरासरी काढताना तो फसवतो. घाट चढताना युनिटला ४ किलोमीटर आणि तेवढंच अंतर उतरताना १२ पडले, तर सरासरी ८ नसून ६ येते. डिस्प्ले ‘१०० किलोमीटरला युनिट’वर ठेवा: चढताना २५, उतरताना ८.३, अंतर सारखं म्हणून सरासरी १६.७. सरळ बेरीज, सरळ भागाकार.