भिंतीची पांढरी पूड ते पाण्यातला हायड्रोजन

आमच्या मुलुंडच्या सोसायटीला रंग देऊन हे तिसरंच वर्ष, आणि गच्चीच्या कठड्याला जरा टेकलं की शर्टाला पांढरी पूड. रंगवाला म्हणाला पाऊस जास्त झाला, सेक्रेटरी म्हणाले मटेरियल हलकं मारलं, मीटिंगचा दीड तास यातच गेला. दोघांचंही थोडं थोडं खरं असेल, पण मला भलत्याच कारणासाठी मजा येत होती. उन्हात पाण्यापासून हायड्रोजन काढणारी जी नॅनोमटेरियल्स, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे पदार्थ, हल्ली सारखी बातम्यांत असतात ना, त्यांची गोष्ट जवळपास इथूनच सुरू होते, पूड सोडणाऱ्या भिंतीपासून.

पांढऱ्या रंगात असतं टायटॅनियम डायऑक्साइड. आपल्या रत्नागिरीकडे काळबादेवी, नेवरेच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते त्यातल्या इल्मेनाइटपासून हे बनवता येतं. ऊन पडलं की त्यातली अतिनील किरणं हा पदार्थ शोषतो आणि ओलावा आणि हवेच्या मदतीने रंगाला धरून ठेवणारं बाइंडरच खाऊन टाकतो, मग मोकळी राहिलेली पावडर हाताला लागते. रंगवाल्यांना ही कटकट खूप आधीपासून माहीत होती, आणि 1938 मधे लंडनमधे गुडइव्ह आणि किचनर या दोघांनी दाखवलं की हा पदार्थ उजेडात डायचा रंगही उडवतो. आजही रंगासाठीच्या कणांवर सिलिका, अॅल्युमिनाचा पातळ थर देतात, का तर हे काम होऊच नये म्हणून. म्हणजे एका धंद्याने जे दाबून ठेवलं त्यालाच दुसरे लोक चिथावत बसले.

चिथावणारा पहिला मोठा माणूस अकिरा फुजिशिमा. 1967, टोकियो विद्यापीठ, हा केनिची होंडांच्या हाताखाली पीएचडी करणारा पोरगा. तोवर लोक झिंक ऑक्साइड वगैरे पाण्यात ठेवून उजेड मारून बघत होते, पण ते स्वतःच विरघळून जायचं. याने टायटॅनियम डायऑक्साइडचा क्रिस्टल आणि प्लॅटिनम पाण्यात ठेवून झेनॉन दिव्याचा उजेड मारला, तर क्रिस्टलवर ऑक्सिजनचे बुडबुडे, प्लॅटिनमवर हायड्रोजन, आणि क्रिस्टल जसाच्या तसा! आधी जाणकारांनी फारसा विश्वास ठेवला नाही. 1972 ला नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात पेपर आला तरी थंडच होतं, पण 1973 ला तेलाचे भाव भडकले आणि सगळ्यांना एकदम पाणी आणि ऊन आठवलं, 1974 च्या नववर्षाच्या दिवशी जपानच्या आसाही शिंबुनमधे पहिल्या पानावर बातमी. नंतर एक चौरस मीटरच्या पत्र्यावर उन्हाळ्याच्या दिवसभरात जेमतेम 7 लिटर हायड्रोजन मिळाला, कार्यक्षमता, म्हणजे उन्हातली किती ऊर्जा हायड्रोजनमधे उतरली ती, अर्धा टक्कासुद्धा नाही. सात लिटर गॅस म्हणजे वजनाने ग्रॅमभरसुद्धा नाही हो.

घोडं अडतं कुठे ते इथे सांगायला हवं. पाणी फोडायला हिशोबाने 1.23 व्होल्ट पुरतात, पण टायटॅनियम डायऑक्साइडला उजेडाकडून 3 इलेक्ट्रॉनव्होल्टच्या (उजेडाच्या एका कणाची ऊर्जा मोजायचं माप) वरचाच घास लागतो, म्हणजे फक्त अतिनील, आणि उन्हात तेवढं असतं चार-पाच टक्के. बाकी सगळं ऊन फुकट. मग कॅडमियम सल्फाइड घ्या, ते निळा-हिरवा उजेडही खातं, पण त्याच उन्हात स्वतःच गंजतं. जे टिकतं ते ऊन खात नाही आणि जे ऊन खातं ते टिकत नाही, पन्नास वर्षांचं भांडण हे एवढंच.

आता नॅनो मधे कुठून आलं? उजेड पडला की कणाच्या आत इलेक्ट्रॉन सुटतो आणि त्याच्या जागी भोक राहतं, दोघांनी पृष्ठभागापर्यंत पोचून पाण्याला भिडायचं असतं, पण वाटेत परत भेटले की खेळ खल्लास, नुसती उष्णता. हे म्हणजे सकाळची फास्ट लोकल. डब्याच्या मधोमध अडकलात तर दादर येऊन जाईल आणि तुम्ही आतच, दाराजवळ असलात तरच उतराल. गंजात, म्हणजे हीमेटाइटमधे, ते भोक काही नॅनोमीटर जाऊन संपतं, मग जाडजूड क्रिस्टल घेऊन उपयोग काय, डबाच एवढा अरुंद करा की प्रत्येक जण दारात. नॅनोकणाचं मुख्य काम हेच, सरफेस एरिया वाढतो तो वरचा फायदा. प्लॅटिनमची वेगळी पट्टीही लागत नाही, 1970 च्या दशकाच्या शेवटी टेक्सासच्या अॅलन बार्ड यांनी दाखवलं की कणावरच प्लॅटिनमचा ठिपका बसवला की तो कण म्हणजे फुजिशिमाच्या सेलची छोटी आवृत्ती. आणि कण खूपच लहान केला की तो कोणता उजेड खाईल हेसुद्धा बदलतं, अलेक्सी एकिमोव्ह, लुई ब्रूस आणि मौंगी बावेंडी यांना 2023 चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते या क्वांटम डॉट्ससाठीच.

दरम्यान नुसता पदार्थांचा बाजार. 2009 ला कार्बन नायट्राइड, ज्यात धातूच नाही. 2011 ला काळं टायटॅनियम डायऑक्साइड, पांढऱ्यालाच हायड्रोजनमधे तापवून काळं केलं म्हणजे जास्त ऊन खाईल. आपल्याकडे बेंगळुरूला सी. एन. आर. राव यांच्या ग्रुपने मॉलिब्डेनम सल्फाइडच्या एका थराच्या पत्र्यांवर काम केलं. आणि माझं आवडतं, तेव्हा पुण्याच्या सी-मेट या सरकारी संशोधन संस्थेत असलेले भारत काळे, ज्यांनी कोरियातल्या सहकाऱ्यांबरोबर 2006 मधे कॅडमियम इंडियम सल्फाइडची चक्क झेंडूच्या फुलासारखी नॅनोरचना केली आणि पेपरच्या नावातही झेंडू घातला! ते पाणी नाही, हायड्रोजन सल्फाइड फोडत होते, ते फोडायला सोपं.

प्रयोगशाळेबाहेर आलेलं खरं मोठं काम परत टोकियोचंच. काझुनारी डोमेन यांच्या ग्रुपने 2020 ला अॅल्युमिनियम घातलेलं स्ट्रॉन्शियम टायटॅनेट वापरून अतिनील उजेडाचा जवळपास प्रत्येक कण कामाला लावला, आणि 2021 ला 100 चौरस मीटरचं पॅनल उघड्यावर चालवून दाखवलं. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच निघतात म्हणजे स्फोटक मिश्रण, ते पडद्यातून गाळून वेगळं केलं. एवढं करून सगळ्या उन्हाचा हिशोब धरला तर कमाल 0.76 टक्के. 2023 ला मिशिगनच्या लोकांनी इंडियम गॅलियम नायट्राइडच्या नॅनोवायरवर भिंगाने ऊन एकवटून 9.2 टक्क्यांपर्यंत नेलं, पण ते छोट्या यंत्रात. गच्चीवरचं साधं सोलर पॅनल 20 टक्के देतं, त्याला इलेक्ट्रोलायझर, म्हणजे विजेने पाणी फोडणारं यंत्र, जोडला तरी 14-15 टक्के हातात पडतात, स्पर्धा त्याच्याशी आहे.

मुंबईला हायड्रोजन नवा नाही बरं का. 1865 च्या सुमारास शहरात गॅसचे दिवे लागले, तो कोळशापासून काढलेला गॅस आणि असल्या गॅसमधे साधारण निम्मा हायड्रोजनच असायचा, लालबागची गॅस कंपनी गल्ली अजून आहे. आज चेंबूरला आरसीएफ नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून खत बनवते, माहुलच्या रिफायनऱ्या इंधनातलं गंधक काढायला तोच वापरतात, आणि नैसर्गिक वायूतून काढलेल्या किलोभर हायड्रोजनमागे नऊ-दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे बदलायला केंद्राने जानेवारी 2023 मधे ग्रीन हायड्रोजन मिशन मंजूर केलं, 19,744 कोटींचं. त्यातले 17,490 कोटी इलेक्ट्रोलायझर आणि उत्पादनाच्या प्रोत्साहनाला, संशोधनाला 400 कोटी. झेंडूवाल्यांना त्या 400 मधूनच मागावं लागणार, आणि रांगेत ते एकटे नाहीत.