गिअर उतरवलेली सायकल: पुण्यातल्या सिंगल स्पीडची पार्श्वभूमी

पुण्याच्या रस्त्यांवर हल्ली अधूनमधून एक वेगळी सायकल दिसते. फ्रेम पंचवीस-तीस वर्षांपूर्वीच्या गिअरवाल्या सायकलची, पण गिअर नाहीत. हँडलवरचे खटके, नळीवरून जाणाऱ्या केबली, मागच्या चाकाशेजारी लोंबणारा, चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा डिरेलर, सगळे उतरवलेले. पुढे पेडलपाशी एक दातेरी चेनव्हील, मागे एक दातेरी फ्रीव्हील आणि मध्ये सरळ रेषेत ताणलेली चेन. सोसायटीच्या पार्किंगमध्ये गंजत पडलेली, नाहीतर रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात सापडलेली सायकल अशी सिंगल स्पीड करून रोज चालवायची, हा छंद अमेरिकेतून जगभर पसरला. पुण्यात तो पोचला तेव्हा मात्र इथल्या अनेक घरांत एका गिअरच्या सायकलीवर आयुष्य काढलेली माणसे अजून होती.

सुरुवातीला सगळ्याच सायकली अशा होत्या. 1885 मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीने ‘रोव्हर’ आणली. जवळपास सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकाला चेन, हा आराखडा आजही तोच आहे. तिला एकच गिअर होता आणि फ्रीव्हील नव्हते, म्हणजे चाक फिरले की पेडल फिरणारच. उतारावर पाय स्थिर ठेवू देणारे फ्रीव्हील एकोणिसावे शतक संपता संपता रुळले. लगेच पुढच्या काही वर्षांत नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चरचे तीन गिअरचे हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, बाजारात आले. फ्रान्समध्ये ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा पॉल द व्हिव्ही घाटासाठी गिअर हवेतच म्हणून आयुष्यभर भांडला. ‘तूर द फ्रान्स’चा कर्ताधर्ता आंरी देग्रांज बरोबर उलट मताचा होता. त्याची शर्यत 1903 मध्ये सुरू झाली आणि तिच्यात डिरेलरला परवानगी मिळायला 1937 उजाडले. तोवर चढ लागला की स्वार खाली उतरायचे, मागचे चाक काढून उलटे बसवायचे आणि पुन्हा निघायचे. चाकाच्या दोन बाजूंना कमी-जास्त दात्यांच्या चकत्या असत. आल्प्स आणि पिरेनीजचे घाट इतकी वर्षे असे पार झाले, हे कळले की एका गिअरची धास्ती बरीच कमी होते.

मराठी मुलखात सायकल पोचली ती याच काळात. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले, आणि पुढचा सगळा किर्लोस्कर उद्योग त्या दुकानातून उभा राहिला. रॅले, बीएसए, हंबर, फिलिप्स, हर्क्युलिस ही नावे आपल्याकडे घरोघर माहीत झाली ती ब्रिटिशांच्या राज्यात. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखाने आले: मद्रासची टीआय 1949 मध्ये, सोनीपतची अ‍ॅटलस 1951 मध्ये, लुधियानाची हिरो 1956 मध्ये, शिवाय आसनसोलची सेन-रॅले. नावे वेगळी असली तरी या कारखान्यांची मुख्य सायकल एकच होती, रोडस्टर म्हणतात ती. 28 इंची चाके, रॉडचे ब्रेक, पाचरीसारख्या कॉटर पिनने बसवलेले क्रँक म्हणजे पेडलचे दांडे, पुढे 44 किंवा 48 दाते आणि मागे 18.

या आकड्यांत मोठे शहाणपण आहे. 44 आणि 18 धरले तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे, म्हणजे अगदी निवांत पाय मारले, तरी ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो. मुठेकाठच्या पेठा, पूर्वेचे लष्कर, नदीपलीकडचे डेक्कन आणि शिवाजीनगर हे जुने पुणे फारसे चढउताराचे नाही. तेवढ्या गावाला हा एक गिअर चपखल बसला. खडकीच्या दारूगोळा कारखान्यातले कामगार, पिंपरीत 1954 साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समधली माणसे, कॉलेजची मुले-मुली, दूधवाले, प्राध्यापक सगळे त्यावरच होते. दांडीवर पोर, कॅरिअरवर डबा किंवा दळण. महापालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलला लावावा लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस अडवत. स्वतःची सायकल नसलेल्यांसाठी तासाच्या भाड्याने सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, ते या एका गिअरच्या जोरावर.

या रोडस्टरच्या चेनवरचे पत्र्याचे बंद कव्हर मला तिच्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. धूळ आत जात नाही, पावसाचे पाणी उडत नाही, धोतर-साडी-पायजमा चेनमध्ये अडकत नाही. नीट तेल दिलेली चेन वर्षानुवर्षे टिकते. डिरेलरच्या सायकलला असे कव्हर बसवता येत नाही, कारण तिथे चेनला आडवे सरकायला मोकळी जागा लागते.

ही सायकल मागे पडली त्यात पुण्याचाच हात आहे. आकुर्डीच्या बजाजची चेतक आणि पुण्याच्या कायनेटिकची लूना, दोन्ही 1972 च्या. ऐंशीच्या दशकात कमी पेट्रोल पिणाऱ्या मोटारसायकली आल्या, शहर कोथरूड-वारज्यापासून हडपसरपर्यंत पसरले, आणि मोठ्या माणसाने सायकलवर कामाला जाणे म्हणजे परवडत नसल्याचे लक्षण मानले जाऊ लागले. सायकल शाळकरी मुलांची झाली. मुलांना हवी होती जाड टायरची आणि गिअरची.

नव्वदच्या दशकात आणि नंतर अशा गिअरच्या सायकली घरोघर आल्या, पण त्यांचे गिअर नीट चालले असे फार थोड्या घरांत घडले. डिरेलरला दर काही महिन्यांनी केबलचा ताण आणि मर्यादेचे स्क्रू जुळवून घ्यावे लागतात. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीचा हात रोडस्टरवर बसलेला. चाकाचा आउट काढणे म्हणजे वाकडे फिरणारे चाक सरळ करणे, हबमधले छर्रे बदलणे, कॉटर पिन ठोकणे यात तो तरबेज. डिरेलरचे काम त्याला कुणी शिकवलेच नव्हते. पार्किंगमध्ये शेजारची स्कूटर अंगावर पडली की डिरेलर वाकायचा. पावसाळ्यात त्याच्या दोन छोट्या चाकांत चिखल भरायचा. शेवटी चेन मधल्या कुठल्यातरी चकतीवर अडकून राहायची आणि अठरा गिअरची सायकल एकाच गिअरवर शाळा संपेपर्यंत चालायची. म्हणजे अनेकांनी सिंगल स्पीडच चालवली, फक्त वाकड्या चेनवर आणि बिनकामाचे वजन घेऊन.

तिकडे अमेरिकेत गोष्ट उलट्या दिशेने चालली होती. न्यूयॉर्कमध्ये निरोप-पाकिटे पोचवणाऱ्या सायकलस्वारांनी ट्रॅकवरच्या शर्यतीची, फ्रीव्हीलही नसलेली सायकल रस्त्यावर आणली, कारण तिच्यात मोडण्यासारखे फारसे काही नव्हते. माउंटन बाइक चालवणाऱ्यांतल्या काहींनी चिखलाला कंटाळून गिअर काढून टाकले. मॅसॅच्युसेट्समधला मेकॅनिक शेल्डन ब्राउन (1944–2008) याने जुन्या सायकली एका गिअरच्या कशा करायच्या याचे तपशील इतक्या मोकळेपणाने लिहून ठेवले की जगभरच्या हौशी लोकांना ते काम घरी करता आले. 2000 नंतरच्या दशकात ही लाट मोठी झाली आणि भारतातल्या शहरांतही पोचली. पुण्यात 2017 मध्ये महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला आणि त्याच सुमारास भाड्याच्या सायकली रस्त्यावर आल्या, त्यामुळे मोठ्या माणसाने सायकल चालवण्याचा संकोच थोडा कमी झाला.

आता खुद्द रूपांतराकडे. आपल्याकडच्या स्वस्त गिअरच्या सायकली या कामाला फार सोयीच्या आहेत, आणि हे गुपित नीट सांगायला हवे. त्यांच्या मागच्या हबवर पाच-सहा-सात चकत्यांचा जो गठ्ठा असतो, तो आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. त्या आट्या 1.37 इंच व्यासाच्या, इंचाला 24, आणि साध्या रोडस्टरच्या 18 दात्यांच्या फ्रीव्हीलच्याही तेवढ्याच. म्हणजे पान्याने गठ्ठा काढला की त्याच हबवर कुठल्याही सायकल दुकानातले फ्रीव्हील बसते. दुसरी सोय डिरेलरची. महागड्या सायकलीत तो फ्रेमलाच असलेल्या हुकावर बसतो, तर या सायकलींत बऱ्याचदा एका वेगळ्या पत्र्यावर, अ‍ॅक्सलच्या नटाखाली कसलेला असतो. तो पत्रा काढला की खाली जुनीच आडवी खाच निघते. त्या खाचेत अ‍ॅक्सल मागे ओढून चेन ताणता येते. खाच उभी असेल तर मात्र चेन ताणून धरणारा टेन्शनर लावावा लागतो.

खरे कसब चेन सरळ आणण्यात आहे. गठ्ठ्याला जागा मिळावी म्हणून मागची रिम हबच्या उजवीकडे ओढलेली असते. अ‍ॅक्सलवरचे काही वॉशर उजवीकडून डावीकडे न्यायचे, मग चाक पुन्हा मध्यावर येईल असे स्पोक कसायचे. जुना मिस्त्री हे काम डोळ्यांनी आणि बोटांनी करतो, आणि त्याला ते करताना पाहणे हा माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला सर्वांत आनंदाचा भाग आहे. पुढे तीन चेनव्हील रिव्हेटने जोडलेली असतील तर ती सुटत नाहीत. मग मधले वापरायचे किंवा क्रँकच बदलायचा. चेन रोडस्टरची जाड घ्यावी. ती गिअरच्या अरुंद दात्यांवर चालते. पातळ चेन 18 च्या जाड फ्रीव्हीलवर बसत नाही. ताण बघताना पेडल पूर्ण फिरवून सर्वांत ताठ जागा शोधायची आणि तिथे चेन मध्यावर दाबून साधारण अर्धा इंच हलेल एवढीच सैल ठेवायची, कारण चेनव्हील सहसा अगदी गोल फिरत नाही.

गिअर कोणता ठेवावा, यावर पुण्यात भूगोल निर्णय देतो. 26 इंची चाकांवर पुढे 38 आणि मागे 16 दाते घेतले तर एका फेऱ्याला जेमतेम पाच मीटर मिळतात. पेठा, कर्वे रस्ता, विद्यापीठाचा परिसर, खडकवासल्याचा रस्ता यांना ते छान जुळते. चांदणी चौकाच्या चढावर उभे राहून पाय मारावे लागतात. रोज तिकडून येणाऱ्याने मागे 18 घ्यावे, सपाटीवर थोडा वेग जातो पण गुडघे वाचतात. कात्रज, बोपदेव किंवा सिंहगडाच्या घाटात रोज जाणाऱ्याने गिअर काढू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट पहिला चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि त्या चढाला गिअर असणे हा काही कमीपणा नाही.

शहरात मात्र फरक पहिल्या वळणालाच जाणवतो. खडखड थांबते. कोणता गिअर, हा विचार डोक्यातून जातो आणि तेवढे लक्ष रस्त्याकडे, पायांकडे वळते. चढ दिसला की आधीच वेग घ्यायचा, सिग्नल लांबून ओळखून पाय सोडायचे, वाऱ्याविरुद्ध वाकायचे, हे सगळे अंगात येते. सायकल किलोभर हलकी झालेली असते आणि पाऊस पडून गेल्यावर फडक्याने पुसून तेलाचे चार थेंब दिले की भागते. फ्रीव्हीलही काढून टाकावे असा मोह काहींना होतो. गर्दीत आणि उतारावर पेडल थांबवता न येणे धोक्याचे आहे, त्यामुळे फ्रीव्हील आणि पुढचे-मागचे दोन्ही ब्रेक ठेवावेत.

जुनी रोडस्टर घरात असेल तर तिला यातले काही करायला नको, ओव्हरहॉलिंग पुरते. तिचे मूळ भाग कसे असायचे ते कर्वेनगरच्या विक्रम पेंडसे सायकल संग्रहालयात नीट पाहता येते. गिअरच्या सायकलीचे उतरवलेले भाग भंगारात देऊ नयेत आणि फ्रेमवर डिरेलरचा हुक असेल तर तो कापू नये. गठ्ठा, डिरेलर, खटके एका पिशवीत बांधून ठेवले तर पुढच्या मालकाला घाटासाठी ते अर्ध्या दिवसात परत बसवता येतात.