लॅक्टेज पर्सिस्टन्स

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम मोठेपणीही लहान आतड्यात बनत राहणं याला लॅक्टेज पर्सिस्टन्स म्हणतात. सस्तन प्राण्यांत अंगावरचं दूध सुटलं की हे एन्झाइम कमी होत जातं, हाच मूळ नियम, आणि जगातल्या साधारण दोन तृतीयांश मोठ्या माणसांत आजही तेच होतं, त्यामुळे दूध न पचणं हा काही बिघाड नाहीये, पचणं हाच नंतर आलेला बदल आहे. जीन रेग्युलेशन, उत्क्रांती आणि पॉप्युलेशन जेनेटिक्स या तिन्ही धड्यांची उजळणी एकदम करायची तर मला तरी याच्याइतकं चांगलं उदाहरण दिसत नाही.

न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले बॅक्टेरिया ते आंबवतात, मग गॅस, गुडगुड, कधी जुलाब. या गॅसमधला हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात येतो, म्हणून टेस्टमध्ये लॅक्टोजचं पाणी पाजून दर थोड्या वेळाने नळीत फुंकायला लावतात आणि श्वासातला हायड्रोजन वाढतोय का ते बघतात. दूध बाधतं पण ताक चालतं असं सांगणारे आपल्या घरोघरी असतात, ते खरंच आहे, विरजणाचे बॅक्टेरिया लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात.

आता मुख्य गोष्ट. लॅक्टेजचा जीन दोन नंबरच्या क्रोमोसोमवर आहे आणि तो दोन्ही प्रकारच्या माणसांत धडधाकट असतो, बदल झालाय तो त्याच्यापासून सुमारे १४ हजार बेस (डीएनएची अक्षरं) अलीकडे, शेजारच्या एमसीएम६ नावाच्या जीनच्या इंट्रॉनमध्ये, म्हणजे प्रोटीनचा कोड नसलेल्या तुकड्यात, जिथे सी या अक्षराच्या जागी टी आला. २००२ मध्ये फिनलंडच्या कुटुंबांवरच्या अभ्यासातून हा सापडला. टी असला की ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर, म्हणजे जीन चालू-बंद करणारं प्रोटीन, तिथे जास्त घट्ट बसतो आणि जीन चालू राहतो. प्रोटीन तेच, फक्त ते कधीपर्यंत बनवायचं ते बदललं! जेकब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये मांडलेला लॅक ओपेरॉन, म्हणजे बॅक्टेरियातला एकत्र चालू-बंद होणारा जीन्सचा गट, तोही लॅक्टोजचाच, पण दोन्हींची गल्लत करू नका, तिथे लॅक्टोज आलं की जीन चालू होतो, माणसात मात्र कितीही दूध प्यायलं तरी बंद पडलेला जीन त्याने परत चालू होत नाही.

युरोपात दुधाचा वापर शेतीच्या सुरुवातीपासून आहे, जुन्या मडक्यांत दुधाच्या स्निग्धांशाचे अवशेष मिळालेत, पण त्या पहिल्या शेतकऱ्यांच्या हाडांतल्या डीएनएमध्ये हा टी जवळपास दिसतच नाही, तो नजरेत भरण्याइतका वाढला इसवी सनपूर्व १००० च्या आसपास. म्हणजे दूध आधी, बदल नंतर. का वाढला यावर अजून वाद आहेत, दुष्काळात आणि रोगराईत दूध न पचणाऱ्यांचे जास्त हाल झाले असावेत असं २०२२ मध्ये मांडलं गेलं. केनिया-टांझानियातल्या पशुपालकांत हाच गुण आहे पण म्युटेशन वेगळं, जवळच्याच जागेवरचं, २००७ मध्ये सापडलेलं. कन्व्हर्जंट इव्होल्यूशनसाठी, म्हणजे एकच गुण वेगवेगळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे येण्याच्या उदाहरणासाठी, दुसरीकडे शोधायलाच नको. भारतात मात्र मुख्यतः युरोपातलाच टी आहे, मूळही एकच, वायव्येकडे जास्त आणि दक्षिणेकडे-पूर्वेकडे कमी होत जाणारा, म्हणजे इथे जीन फ्लो, माणसांबरोबर आलेला बदल.

हा गुण डॉमिनंट आहे, एक टी पुरतो. समजा एखाद्या गावात ३६ टक्के लोकांना दूध पचत नाही, तर सी सी (आई-वडील दोघांकडून सी मिळालेले) ०.३६, त्याचं वर्गमूळ ०.६ ही सी ची फ्रिक्वेन्सी, टी ०.४, मग टी टी १६ टक्के आणि सी टी ४८ टक्के. हे हार्डी-वाइनबर्गचं गणित, १९०८ चं, आणि हे हार्डी म्हणजे रामानुजनना केंब्रिजला बोलावणारेच. डॉमिनंट ॲलील (जीनचं एक रूप, जसं इथे टी) आपोआप वाढत जातं असं विद्यार्थी हमखास लिहितात, तोच गैरसमज हार्डींनी तेव्हा खोडून काढला होता, सिलेक्शन, मायग्रेशन, ड्रिफ्ट (निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार) यांपैकी काही नसेल तर प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेवढंच राहतं.

आणि दूध पिणारे सगळेच हा बदल घेऊन फिरतात असंही नाही, मंगोलियात हजारो वर्षं गुरं-घोड्यांच्या दुधावर जगणाऱ्या लोकांत तो फार कमी जणांत आहे, तिथे दूध आंबवून पितात.