ओजेटीचे 4 क्रेडिट: कागद पहिल्या दिवसाआधीच हातात हवेत

नव्या शैक्षणिक धोरणामुळे महाराष्ट्रात बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या मुलांनाही आता इंटर्नशिप करावी लागते. अभ्यासक्रमात तिचे नाव ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, मुलांच्या तोंडी ओजेटी. शासनाच्या 20 एप्रिल 2023 च्या निर्णयातील आराखड्यात तिला तिसऱ्या वर्षाच्या सहाव्या सत्रात 4 क्रेडिट आहेत. एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे एकूण 120 तास. रोज सहा तास दिले तर 20 दिवसांत होते. विद्यापीठागणिक थोडा फरक पडतो, म्हणून आपल्या विद्यापीठाचे परिपत्रक आधी वाचा.

पात्रतेचा घोळ फार होतो. ओजेटी हा अभ्यासक्रमाचा भाग आहे, त्यामुळे त्या सत्राला प्रवेश असलेल्या प्रत्येकाला ती करायचीच आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना वेगळी: वय 18 ते 35, पदवीधराला महिना 10,000 रुपये, पण शिक्षण चालू असलेल्यांना ती लागू नाही. 2024 मध्ये आलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेतही सुरुवातीच्या नियमांप्रमाणे पूर्णवेळ शिकणारे बसत नव्हते. ओजेटीत मानधन मिळेलच असे नाही. तरी प्रवासखर्चाचे विचारायला लाजू नका. गावाहून तालुक्याला रोज ये-जा करायला पैसे लागतातच.

जागा शोधताना मोठ्या कंपनीची वाट बघत बसू नका. सीएचे ऑफिस, पतसंस्था, दूध संघ, छापखाना, माती परीक्षण प्रयोगशाळा, जिथे तुमच्या विषयाचे काम चालते ती जागा चालेल. विभागातल्या ओजेटी समन्वयकांची मंजुरी मात्र आधी घ्या. त्यांच्याकडे अर्ज दिला की कॉलेज त्या संस्थेच्या नावे विनंतीपत्र देते. संस्थेने तिच्या लेटरहेडवर संमतीपत्र द्यायचे. त्यात रुजू होण्याची तारीख, रोजची वेळ आणि काम शिकवणाऱ्या मार्गदर्शकाचे नाव हवे. सोबत बोनाफाईड, कॉलेजचे ओळखपत्र, आधारची प्रत आणि काही ठिकाणी पालकांचे हमीपत्र लागते. हे सगळे जमा झाल्याशिवाय कामाला जाऊ नका. आधी काम आणि मागाहून पत्र असे केले, तर त्या तारखांचे तास धरायचे कसे, असा प्रश्न समन्वयकांपुढे उभा राहतो आणि नुकसान मुलांचे होते.

एबीसी आयडी, म्हणजे ‘अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मधला तुमचा खाते क्रमांक, काढला नसेल तर डिजिलॉकरवरून लगेच काढा, क्रेडिट त्याच खात्यावर जमा होतात. नाव मार्कशीटवर आहे तसेच तिथे हवे.

काम सुरू झाले की खरी मेहनत दैनंदिनीची. ‘ऑफिसचे काम केले’ या नोंदीला गुण कसे देणार? ‘केवायसीचे 14 अर्ज तपासले, 3 मध्ये पत्त्याचा पुरावा नव्हता, खातेदारांना फोन केले’ असे लिहिले की तोंडी परीक्षेत बोलायलाही काहीतरी असते. मार्गदर्शकाची सही दर आठवड्याला घ्या. शेवटच्या दिवशी एकदम सह्या मागितल्या की साहेब रजेवर असतात.

शेवटी संस्थेच्या शिक्क्याचे पूर्णत्व प्रमाणपत्र, हजेरीपत्रक, मार्गदर्शकाचा मूल्यमापन अर्ज आणि तुमचा अहवाल विभागात द्यायचा. प्रमाणपत्रावर एकूण तास लिहून घ्या. अहवालाची एक प्रत स्वतःजवळ ठेवा, तोंडी परीक्षेला तीच उघडून बसायचे असते.