शटर पडलं तर कोणता कागद कुठे लागतो : मुंबईतल्या हॉटेल-बारवाल्यांसाठी अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

परवा एका ओळखीच्या खानावळवाल्याने विचारलं, "उद्या परत कोविडसारखं काही आलं आणि हॉटेल बंद करायला लावलं, तर पहिला अर्ज कुठे करायचा रे?" मी म्हटलं अर्ज राहू दे, आधी तुझी फाईल दाखव. फाईल म्हणजे काय तर कॅलेंडरच्या मागे खोचलेलं लाईट बिल आणि फूड लायसन्सची एक झेरॉक्स, तिच्यावरची तारीख कधीच उलटलेली. म्हणून हे लिहायला बसलो. मी सीए नाही, सीएकडे कागद नेऊन देणारा माणूस आहे, लालबाग-परळ-दादर पट्ट्यातल्या छोट्या हॉटेलांचे हिशेब बघतो, त्यामुळे कोविडमध्ये कोणाचं कुठे अडलं ते जवळून बघितलंय.

आठवण म्हणून तारखा. मार्च २०२० मध्ये शटर पडलं ते ५ ऑक्टोबर २०२० ला उघडलं, तेही निम्म्या खुर्च्यांवर. एप्रिल २०२१ मध्ये परत फक्त पार्सल. जूनमध्ये दुपारी ४ पर्यंत परवानगी, जी खानावळीला ठीक पण बारवाल्याला निव्वळ चेष्टा, दुपारी ४ ला कोण बसतंय. १५ ऑगस्ट २०२१ पासून रात्री १० पर्यंत, आणि त्यात स्टाफचे दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेले पाहिजेत.

या सगळ्या काळात "धंदा बंद ठेवला म्हणून हे घ्या पैसे" असं कोणी हॉटेलवाल्याला दिलं नाही. मिळालं ते कर्ज, हप्त्याला मुदत, आणि कामगाराला त्याच्याच ईएसआय (कामगार विमा) आणि पीएफमधून काहीतरी. आणि हे तिन्ही फक्त त्याला मिळालं जो मार्चच्या आधी कागदावर होता. बंद पडल्यावर कागद करायला गेलेले रांगेतच राहिले, कारण सगळ्या योजनांमध्ये एक मागची तारीख असते आणि ती तारीख तुम्हाला आधी कोणी सांगत नाही.

सुरुवात उद्यमपासून, म्हणजे छोट्या धंद्यांच्या सरकारी नोंदणीपासून. १ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी उद्यम नोंदणी आली. सरकारी पोर्टलवर, फुकट. फुकट म्हणजे खरंच फुकट, तरी सर्च केलं की वरती दोन-चार एजंटांच्या साईट येतात, दिसायला अगदी सरकारी, आणि फी मागतात, तिकडे जाऊ नका. लागतं काय तर मालकाचा आधार, पॅन, जीएसटी असेल तर तो नंबर, बँक खातं आणि माणसं किती कामाला आहेत तो आकडा. कागद अपलोड करायची गरज नाही, तुम्ही सांगाल ते धरतात आणि उलाढाल इन्कम टॅक्स-जीएसटीच्या डेटामधून उचलतात, म्हणून रिटर्न एक आणि तोंडी एक असं चालत नाही. एक बारीक गोष्ट, धंद्याचा कोड नीट निवडा. बार नसलेल्या हॉटेलला ५६१०१ आणि बारवाल्याला ५६३०१. आमच्याकडच्या एकाने कोणाच्या तरी सांगण्यावरून किरकोळ व्यापार टाकून ठेवला होता, पुढे हॉटेलवाल्यांसाठीच वेगळी सोय निघाली तेव्हा बँकेत बसून हा व्यापारी की हॉटेलवाला यावर अर्धा दिवस गेला.

आता कर्ज. मे २०२० मध्ये केंद्राने इमर्जन्सी क्रेडिट लाईन आणली, बँकवाले ईसीएलजीएस म्हणायचे, बाजारात नाव पडलं "कोविड लोन". ती मार्च २०२३ ला संपली, म्हणजे आज अर्ज करायला जाऊ नका, पण पुढे कधी असं काही आलंच तर बहुतेक याच साच्यातून येईल म्हणून साचा समजून घ्या. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या धंद्याच्या कर्जाची जी बाकी होती तिच्या २० टक्के नवीन कर्ज, वेगळं तारण नाही, प्रोसेसिंग फी नाही, हमी सरकारची. चार वर्षांची मुदत, त्यात पहिलं वर्ष फक्त व्याज, आणि बँकेचं व्याज जास्तीत जास्त सव्वानऊ टक्के. हप्ता ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेला असेल तर बाद. मार्च २०२१ च्या शेवटी हॉटेल आणि टुरिझमवाल्यांसाठी तिसरा अवतार आला, त्यात २० चे ४० टक्के केले आणि मुदत सहा वर्षं, पहिली दोन वर्षं मुद्दल नाही.

इथे "बाकी" या शब्दात गंमत होती. लिमिट नाही, बाकी. आमच्या एका शेठची कॅश क्रेडिट होती, म्हणजे लिमिटपर्यंत हवं तेव्हा उचलायचं आणि भरायचं असं कर्ज, फेब्रुवारी संपता संपता बाकी नऊ लाखाच्या आसपास. लग्नसराईचे पार्टी ऑर्डरचे पैसे आले आणि शेठने शहाण्या माणसासारखे २७ तारखेला तीन लाख खात्यात भरले, व्याज वाचेल म्हणून. बाकी झाली सहा. दोन दिवसांनी ती २९ फेब्रुवारी. नऊवर २० टक्के म्हणजे १ लाख ८० हजार झाले असते, मिळाले १ लाख २०. शेजारचा, ज्याचं लिमिट कायम काठोकाठ भरलेलं, त्याला जास्त मिळाले. शेठ बँकेत जाऊन म्हणाले मी पैसे वेळेवर भरले ही माझी चूक का, तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो साहेब सिस्टीम जे दाखवते ते आहे. त्याचंही बरोबर होतं म्हणा. आणि ज्याने आयुष्यात कर्जच घेतलं नाही, रोखीने धंदा केला आणि त्याचा अभिमान बाळगला, त्याला शून्य, कारण शून्याचे २० टक्के शून्यच. म्हणून मी आता सगळ्यांना सांगतो, गरज नसली तरी धंद्याच्या नावावर एक छोटं लिमिट काढून ठेवा आणि थोडं वापरत राहा. घराच्या कर्जावर हॉटेल चालवत असाल तर ते यात धरत नाहीत, कर्ज धंद्यासाठी घेतलंय असं कागदावर दिसायला लागतं.

कागद म्हणाल तर बँकेकडे बरंचसं आधीच असायचं, बँकच फोन करून विचारायची घेताय का. तरी अडलं कोणाचं? ज्याचा जीएसटी नंबर रिटर्न न भरल्याने रद्द झालेला, ज्याच्या भागीदारीच्या कराराला दहा वर्षं हात लागलेला नाही आणि त्यातला एक भागीदार वारलेला, आणि ज्याचं हॉटेल एका नावाने, गुमास्ता (दुकानाची नोंदणी) दुसऱ्या नावाने आणि फूड लायसन्स तिसऱ्याच नावाने. हे तिसरं मुंबईत फार आहे, कारण जागा वडिलांची, धंदा मोठ्या भावाचा आणि गल्ल्यावर बसतो धाकटा. नाव, पत्ता, पॅन हे गुमास्ता, फूड लायसन्स, महापालिकेचं कलम ३९४ चं हेल्थ लायसन्स, जीएसटी आणि बँक या पाच ठिकाणी अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते एका रविवारी बसून बघा. "रोड" आणि "मार्ग" एवढ्या फरकावर अर्ज परत आलेला बघितलाय मी.

हप्त्यांची सवलत वेगळी. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० असे सहा महिने हप्ता पुढे ढकलायची मुभा दिली. बऱ्याच जणांना वाटलं माफ झालं. माफ काही नव्हतं, व्याज चालूच होतं, मुदत लांबली एवढंच. ज्याला जमत होतं त्याने भरत राहिलं तेच बरं झालं.

कामगारांचं आता, आणि हे मालकांनी पण वाचा कारण अडतं ते मालकामुळेच. दहा किंवा जास्त माणसं असली की ईएसआय लागू, पगार २१ हजारापर्यंत. मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का. पाऊण टक्का कापला म्हणून वेटर कुरकुरतात, पण नोकरी गेल्यावर याच ईएसआयची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे, ज्यात रोजच्या सरासरी पगाराचे आधी २५ टक्के मिळायचे ते कोविडमध्ये, २४ मार्च २०२० पासून, ५० टक्के केले. जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. समजा वेटरचा रोज ४०० पडतो, तर २०० गुणिले ९०, अठरा हजार. गावी गेलेल्या माणसाला अठरा हजार म्हणजे थट्टा नाही.

पात्रता अशी की किमान दोन वर्षं विम्यात, नोकरी जायच्या लगेच आधीच्या सहामाहीत निदान ७८ दिवसांची वर्गणी, आणि त्याआधीच्या तीन सहामाह्यांपैकी एकीत ७८ दिवस. सहामाही एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च अशी मोजतात. नोकरी जाऊन ३० दिवस झाले की स्वतः कामगाराने अर्ज करायचा, मालकाच्या सहीसाठी थांबायला लागू नये म्हणून थेट शाखेत द्यायची सोय केली. गैरवर्तनामुळे काढलेला किंवा स्वतःहून निवृत्ती घेतलेला असेल तर नाही. लागतं आधार आणि बँक पासबुक, दोन्हीकडचं नाव ईएसआयच्या रेकॉर्डशी जुळणारं. योजनेची मुदत नंतर वाढत गेलीये, त्यामुळे अर्जाआधी शाखेत आजची स्थिती विचारून घ्या.

आमच्याकडे काय झालं, सात जणांपैकी तिघांचं झालं. एकाचं नाव रेकॉर्डला टोपणनावाने, कारण भरती करताना मॅनेजरने हाक मारायचं तेच नाव लिहिलं. दोघांची वर्गणी मालकाने मधले चार महिने भरलीच नव्हती, पगारातून मात्र कापली होती. आणि एकजण ज्या मोबाईल नंबरवर ओटीपी येणार तो नंबर गावी बायकोकडे देऊन आलेला, हा उडपीजवळच्या गावचा, ती बिचारी फोनवर आकडे सांगायची तोपर्यंत ओटीपी मेलेला. चार वेळा झालं तसं, पाचव्या वेळी तो म्हणाला सोडा भाऊ.

पीएफचं पण तसंच. २८ मार्च २०२० पासून तीन महिन्यांचा बेसिक-डीए किंवा शिल्लकेच्या ७५ टक्के, यातलं जे कमी ते काढता यायचं, परत भरायचं नाही, आणि मे २०२१ मध्ये दुसऱ्यांदा काढायला दिलं. ती खास सोय आता बंद आहे, पण यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) चालू, आधार-पॅन-बँक जोडलेलं आणि मोबाईल स्वतःचा, हे कुठल्याही काढण्याला लागतंच. मालकांसाठी त्या वेळी एक चांगली गोष्ट होती, १०० पर्यंत माणसं आणि त्यातली ९० टक्के १५ हजाराच्या आतली असतील तर मार्च ते ऑगस्ट २०२० चा दोन्ही बाजूंचा मिळून २४ टक्के पीएफ केंद्राने भरला. अट एकच, महिन्याचं रिटर्न भरलेलं पाहिजे. हॉटेल बंद आहे तर रिटर्न कशाला म्हणून कित्येकांनी भरलं नाही आणि हातचं घालवलं.

बारवाल्यांचं दुखणं वेगळंच. एक्साईजचं, म्हणजे दारूचं लायसन्स देणाऱ्या खात्याचं, वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च, आणि शटर पडलं ते नेमकं नूतनीकरणाच्या आठवड्यात. एफएल-३, म्हणजे बारच्या लायसन्सची फी मुंबईत लाखांत जाते आणि लायसन्स जिवंत ठेवायचं तर बंद दारासाठीही ती भरायची. सवलत, हप्ते, मुदत यासाठी मागणी संघटनेमार्फत जाते, मुंबईत हॉटेलवाल्यांची 'आहार' ही संघटना आहे, एकट्याने पत्र लिहून काही होत नाही, म्हणून सभासद नसाल तर व्हा. नूतनीकरणाला मूळ लायसन्स, मागच्या वर्षीचं चलन, ग्रासवर (सरकारी पैसे भरायच्या पोर्टलवर) भरलेल्या नव्या फीची पावती आणि नोकरनामे लागतात. नोकरनामा म्हणजे बारमध्ये दारू देणाऱ्या माणसाचं ओळखपत्र समजा, गावी गेलेल्या वेटरच्या नावावर नोकरनामा आणि टेबलावर भलताच माणूस, हे तपासणीत सापडलं की झालं.

आणि स्टॉक. मे २०२० मध्ये पर्मिट रूमना आतली सीलबंद दारू एमआरपीने विकायला परवानगी मिळाली तेव्हा ज्याचं रजिस्टर रोजच्या रोज, ब्रँडप्रमाणे लिहिलेलं होतं त्याने विकून भाडं तरी काढलं. ज्याचं रजिस्टर आणि कपाट जुळत नव्हतं तो घाबरून शटर उचलेना. बीअरचं आयुष्य सहा महिने, मार्चमधली पेटी ऑक्टोबरपर्यंत मेली, आणि मेलेली बीअर मोरीत ओतून चालत नाही, एक्साईजला कळवून त्यांच्यासमोर नष्ट करायची आणि तसा कागद घ्यायचा, नाहीतर ती बीअर रजिस्टरवर कायम जिवंत राहते.

भाड्याबद्दल थोडक्यात. बंद होतं म्हणून भाडं आपोआप माफ होत नाही, दिल्ली हायकोर्टाने मे २०२० मध्येच एका भाडेकरूला ते सांगितलं. जे काय होतं ते तुमच्या लीव्ह अँड लायसन्स करारातल्या कलमाने. पुढच्या वेळी करार करताना सरकारी आदेशाने बंद राहिलं तर भाडं किती, ही एक ओळ घालून घ्या, जागेचा मालक तोंड वाकडं करेल, तरी घाला. विम्याचं पण विचारतात लोक, साध्या आगीच्या पॉलिसीत धंदा बंदचं नुकसान जागेला काही झालं असेल तरच धरतात, रोगाच्या साथीने बंद राहिलात तर नाही.

वडापाव किंवा चायनीजची गाडी असेल तर हे वरचं फारसं तुमच्या कामाचं नाही, तुमच्यासाठी पीएम स्वनिधी, फेरीवाल्यांची कर्ज योजना. जून २०२० ला आली तेव्हा पहिलं कर्ज १० हजार, वेळेवर फेडलं तर व्याजात ७ टक्के सूट आणि पुढे मोठं कर्ज. विक्रीचं प्रमाणपत्र किंवा महापालिकेचं शिफारसपत्र लागतं, आधार आणि बँक खातं. भिंती आणि छत असलेल्या हॉटेलवाल्याने यात शिरायचा प्रयत्न करू नये, दोघांनी केला होता, वेळ गेला फक्त.

तर त्या खानावळवाल्याचं. बसून उद्यमचा फॉर्म उघडला, आधार नंबर टाकला, ओटीपी पाठवला म्हणून आलं आणि आम्ही दोघं त्याच्या फोनकडे बघत बसलो. काहीच नाही. पाच मिनिटांनी मेव्हण्याचा फोन, "अरे मला कसला तरी ओटीपी आलाय." आधारला नंबर मेव्हण्याचा, त्याच्याच लक्षात नव्हतं. नंबर बदलायला तो सोमवारी आधार केंद्रावर जाणार आहे, सोमवारी खानावळ बंद असते.