हौशी कोण? कॅनडाच्या आइस हॉकी संघाच्या इतिहासातील तेहतीस रिकाम्या वर्षांची पार्श्वभूमी

२०२३ चा विजय धरून कॅनडाच्या पुरुष संघाच्या नावावर आइस हॉकीची २८ जागतिक विजेतेपदे आहेत. त्यांतील १९ विजेतेपदे १९६१ पर्यंतची आणि ९ विजेतेपदे १९९४ पासूनची आहेत. मधल्या ३३ वर्षांत एकही नाही. ऑलिंपिकमध्येही तोच प्रकार दिसतो. १९५२ पर्यंत सहा सुवर्णपदके मिळाली आणि सातव्यासाठी २००२ उजाडावे लागले. सोव्हिएत संघ मैदानात उतरला आणि कॅनडाचे वर्चस्व संपले, असा याचा सरसकट अर्थ लावला जातो. तो चुकीचा नसला तरी अर्धवट आहे. त्या काळात कॅनडाचे सर्वोत्तम खेळाडू या स्पर्धांमध्ये उतरतच नव्हते, कारण त्यांना उतरण्याची परवानगी नव्हती, आणि सात वर्षे तर कॅनडाचा संघच नव्हता. ही पोकळी समजून घ्यायची, तर बर्फावरच्या खेळाइतकेच नियमपुस्तकातल्या एका शब्दाकडे पाहावे लागते.

सुरुवातीच्या काळाबद्दल फार सांगण्यासारखे नाही, कारण तेव्हा स्पर्धा म्हणावी अशी स्पर्धाच नव्हती. १९२० मध्ये अँटवर्पच्या ऑलिंपिकला विनिपेगचा एक क्लब गेला. त्यातील बहुतेक खेळाडू आइसलँडमधून आलेल्या स्थलांतरितांची मुले होती. त्या क्लबने सुवर्णपदक आणले. १९२४ मध्ये शामोनीच्या ऑलिंपिकमध्ये टोराँटोच्या क्लबने पाच सामन्यांत ११० गोल केले आणि तीन स्वीकारले. १९३६ च्या ऑलिंपिकचा अपवाद मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्या वर्षी ब्रिटनने कॅनडाला २-१ असे हरवले. ब्रिटनच्या संघातील बहुतेकजण जन्माने ब्रिटिश असले, तरी खेळ कॅनडात शिकलेले होते, आणि त्यांतील दोघांच्या पात्रतेवर कॅनडाने आधीच आक्षेप घेतला होता. आधीच्या फेरीतील निकाल अंतिम फेरीत धरला जाईल, या नियमामुळे कॅनडाला ब्रिटनशी पुन्हा खेळायला मिळाले नाही आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. कोण कोणाकडून खेळू शकतो, या प्रश्नाने कॅनडाचे सुवर्णपदक हिरावल्याची ही पहिली वेळ होती, पण शेवटची नव्हती.

या संपूर्ण काळात ज्याला ‘कॅनडाचा राष्ट्रीय संघ’ म्हटले जाते, तो प्रत्यक्षात एखाद्या शहराचा क्लब असे. देशांतर्गत हौशी स्पर्धा जिंकणारा किंवा प्रवासखर्च उचलू शकणारा संघ मेपलचे पान छातीवर लावून युरोपला जाई. हे जोवर चालले, तोवर ठीक होते. १९५४ मध्ये स्टॉकहोमच्या जागतिक स्पर्धेला सोव्हिएत संघ प्रथमच आला आणि त्याने टोराँटोच्या उपनगरातल्या दुसऱ्या श्रेणीच्या क्लबला ७-२ असे हरवले. कॅनडातील वर्तमानपत्रांनी हा राष्ट्रीय अपमान मानला. दुसऱ्या वर्षी पेंटिक्टन या छोट्या गावाच्या संघाने सोव्हिएतांना ५-० अशी परतफेड केली आणि १९६१ मध्ये धातू वितळवण्याच्या कारखान्याभोवती वसलेल्या ट्रेलच्या संघाने त्यांना ५-१ असे हरवून जागतिक विजेतेपद मिळवले. पुढची ३३ वर्षे तेच शेवटचे ठरले. मध्यंतरी १९५७ मध्ये हंगेरीतील सोव्हिएत कारवाईच्या निषेधार्थ कॅनडाने मॉस्कोच्या स्पर्धेवर बहिष्कार घातला होता. पुढे १९७० च्या माघारीला ‘अभूतपूर्व’ म्हणणाऱ्यांना या गोष्टीचा विसर पडतो.

क्लब पाठवण्याची पद्धत संपली ती १९६३ नंतर. एका कॅथलिक धर्मगुरूने ब्रिटिश कोलंबियातील विद्यापीठात विद्यार्थी खेळाडूंना एकत्र आणले. त्यांनी अभ्यासही करावा, एकत्र राहावे आणि देशासाठी खेळावे, ही त्याची कल्पना होती. १९६४ च्या इन्सब्रुक ऑलिंपिकमध्ये हा संघ उतरला. स्वीडनविरुद्धच्या सामन्यात एका स्वीडिश खेळाडूची मोडकी काठी उडून या धर्मगुरूच्या कपाळावर लागली आणि रक्त वाहू लागले. बाकावरचे खेळाडू धावून जाणार, तेवढ्यात त्याने हात आडवा घालून त्यांना थांबवले. कॅनडाने तो सामना ३-१ असा जिंकला. शेवटच्या दिवशी सोव्हिएतांविरुद्ध २-३ अशी हार पत्करल्यावरही आपल्याला कांस्यपदक मिळणार, अशी संघाची समजूत होती. खेळाडू पदक समारंभाला गेले आणि आपण चौथे आलो आहोत, हे त्यांना तिथे कळले. स्वीडन, चेकोस्लोव्हाकिया आणि कॅनडा यांचे गुण सारखे झाले होते आणि गोलफरक नेमक्या कोणत्या सामन्यांचा धरायचा, याबद्दल कॅनडाची समजूत वेगळी होती. हा वाद पुढे अनेक दशकांनी पुन्हा उकरून काढला गेला. धर्मगुरूला संयमाबद्दल खास सुवर्णपदक मिळाले आणि संघाला काहीच नाही. या विद्यार्थी संघाने १९६६, १९६७ आणि १९६८ मध्ये कांस्यपदके आणली. इतक्या कमी साधनांत हे यश मोठे होते, पण देशात त्याची किंमत कोणी केली नाही. १९६९ मध्ये हा संघ फक्त अमेरिका आणि फिनलंड यांना हरवू शकला आणि चौथा आला.

इथे तो शब्द येतो. ऑलिंपिकच्या आणि म्हणून जागतिक स्पर्धेच्याही नियमांनुसार केवळ ‘अमॅच्युअर’ खेळाडूंना प्रवेश होता. मराठीत आपण त्याला ‘हौशी’ म्हणतो, पण या शब्दात हौस इतकी उघड दिसते की त्यामुळे मूळ घोटाळा झाकला जातो. नियमाला हौसेशी काही देणेघेणे नव्हते. त्याचा प्रश्न एवढाच होता, की खेळण्याबद्दल पैसे कोणी आणि कोणत्या नावाखाली दिले. सोव्हिएत संघातील बहुतेक खेळाडू सैन्याच्या क्लबचे होते. कागदोपत्री ते अधिकारी होते, त्यांना अधिकाऱ्याचा पगार मिळत होता आणि वर्षातील बहुतेक महिने ते सराव शिबिरात काढत होते. नियमाच्या दृष्टीने ते अमॅच्युअर होते. याउलट कॅनडातील एखाद्या लहान लीगमध्ये तुटपुंज्या मानधनावर खेळणारा आणि उन्हाळ्यात दुसरे काम करणारा खेळाडू व्यावसायिक ठरत होता, कारण त्याच्या करारावर क्लबचे नाव होते. त्यातही गंमत अशी, की व्यावसायिक खेळ सोडलेल्याला अर्ज करून पुन्हा अमॅच्युअर दर्जा मिळवता येई, आणि १९५५ व १९६१ च्या कॅनडाच्या विजेत्या संघांमध्ये असे ‘परत आलेले’ खेळाडू होते. म्हणजे हा दर्जा माणसाच्या खेळण्याचा नव्हता, त्याच्या कागदपत्रांचा होता, आणि तो बदलता येत होता. कॅनडाचे म्हणणे हेच होते. ते स्वार्थाचे होते, हे मान्य करूनही त्यात तथ्य होते, असे म्हणावे लागते.

१९६९ च्या उन्हाळ्यात स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची परिषद झाली. १९७० ची जागतिक स्पर्धा मॉंट्रियल आणि विनिपेगला, म्हणजे प्रथमच कॅनडात होणार होती. एनएचएल या उत्तर अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये नसलेले नऊ व्यावसायिक खेळाडू प्रत्येक संघाला एक वर्ष प्रायोगिकरीत्या खेळवता येतील, असे या परिषदेत ठरले. ही सवलत सर्वांना होती, पण तिचा उपयोग कोणाला होणार होता, हे उघड होते. कॅनडात तोवर सरकारच्या पुढाकाराने राष्ट्रीय संघाची जबाबदारी घेणारी एक नवी संस्था उभी राहिली होती आणि तिला निकाल हवे होते. डिसेंबरमध्ये काही व्यावसायिक खेळाडू घेऊन कॅनडाचा संघ मॉस्कोच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत खेळला आणि दुसरा आला. काही महिन्यांपूर्वी सोव्हिएत, स्वीडन आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्यापुढे टिकू न शकलेला संघ थोडीशी भर पडताच बरोबरीला आला होता. हा निकाल अनेकांना खटकला असणार.

जानेवारी १९७० मध्ये जिनिव्हात हा निर्णय मागे घेतला गेला. व्यावसायिकांविरुद्ध खेळणाऱ्या अमॅच्युअर खेळाडूंचीही ऑलिंपिकची पात्रता धोक्यात येईल, असे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी बजावले होते. दूषित अन्न खाणाऱ्याबरोबर जेवायला बसणाराही दूषित ठरतो, अशा धाटणीचा हा युक्तिवाद होता. स्पर्धेला तीन महिनेही उरले नसताना, तिकिटांची आणि रिंकची तयारी सुरू असताना यजमानाला सांगण्यात आले की तुमचे नऊ खेळाडू चालणार नाहीत. कॅनडाने यजमानपद सोडले आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधूनच माघार घेतली. स्पर्धा स्टॉकहोमला गेली आणि सोव्हिएत संघाने ती जिंकली.

या माघारीचे दोन अर्थ लावले जातात. पहिला असा, की कॅनडाला हरण्याची सवय नव्हती आणि म्हणून तो रुसून बसला. दुसरा असा, की एकदा दिलेला शब्द फिरवणाऱ्या संघटनेत राहण्याचे कारणच उरले नव्हते. पहिल्या अर्थात थोडे सत्य आहे, कारण १९६१ नंतर कॅनडाला विजय मिळत नव्हता आणि त्याची चीड होतीच. पण स्पर्धेच्या तोंडावर नियम बदलणे हा मूळ दोष होता आणि तो कॅनडाचा नव्हता. १९७६ च्या ऑलिंपिकला स्वीडननेही याच अमॅच्युअर प्रश्नावरून संघ पाठवला नाही, ही बाब सहसा तळटीपेत जाते. ती तिथे शोभत नाही.

सॅपोरो १९७२ आणि इन्सब्रुक १९७६ या दोन्ही ऑलिंपिकना कॅनडाचा संघ नव्हता. दरम्यान सप्टेंबर १९७२ मध्ये कॅनडा आणि सोव्हिएत संघ यांच्यात आठ सामन्यांची मालिका झाली. ती कोणत्याही जागतिक स्पर्धेचा भाग नव्हती आणि म्हणूनच तिथे एनएचएलचे खेळाडू उतरू शकले. मॉंट्रियलच्या पहिल्या सामन्यात कॅनडा ३-७ असा हरला. मॉस्कोच्या शेवटच्या सामन्यात ३४ सेकंद उरले असताना कॅनडाने विजयी गोल केला. सामना ६-५ असा आणि मालिका चार विजय, तीन पराभव, एक बरोबरी अशी कॅनडाने जिंकली. एकूण गोल मात्र सोव्हिएतांचे अधिक होते, ३२ विरुद्ध ३१. सहाव्या सामन्यात सोव्हिएतांच्या सर्वांत वेगवान खेळाडूच्या घोट्यावर काठीचा जाणूनबुजून घाव घातला गेला, हे विजयगाथेत हळू आवाजात सांगितले जाते. कॅनडात ही मालिका कोणत्याही ऑलिंपिकपेक्षा मोठी मानली जाते, पण २८ च्या यादीत तिला जागा नाही.

व्यावसायिकांना जागतिक स्पर्धा खुली झाल्यावर १९७७ मध्ये कॅनडा व्हिएन्नाला परतला. परतफेड होईल, असे ज्यांना वाटले होते त्यांची निराशा झाली. सोव्हिएतांनी कॅनडाला ११-१ आणि ८-१ असे हरवले आणि कॅनडा चौथा आला. आता अडचण शब्दाची नव्हती, दिनदर्शिकेची होती. जागतिक स्पर्धा एप्रिल-मे महिन्यांत होते आणि त्याच वेळी एनएचएलचे बाद फेरीचे सामने चालू असतात. त्यामुळे कॅनडाला ज्यांचे क्लब बाहेर पडले, असेच खेळाडू मिळतात. ही अडचण आजही आहे आणि जागतिक स्पर्धेतील कॅनडाचा कोणताही निकाल वाचताना ती ध्यानात ठेवावी लागते.

ऑलिंपिकमध्ये जुना घोळ चालूच राहिला. १९८४ मध्ये एनएचएलमध्ये काही सामने खेळलेल्या खेळाडूंना स्पर्धेच्या तोंडावर अपात्र ठरवले गेले आणि कॅनडाला दोघांना वगळावे लागले. व्यावसायिकांना औपचारिक परवानगी मिळाली ती १९८८ पासून. तरीही एनएचएलने आपला हंगाम थांबवून खेळाडू सोडले ते थेट १९९८ मध्ये, नागानोला. मध्ये १९९२ आणि १९९४ ला कॅनडाने रौप्यपदके मिळवली. १९९४ मध्येच मिलानला फिनलंडविरुद्ध शूटआउटमध्ये (बरोबरी सोडवण्यासाठी एकेक खेळाडू एकट्या गोलरक्षकाविरुद्ध गोलचा प्रयत्न करतो, त्यात) जिंकून जागतिक विजेतेपदाचा ३३ वर्षांचा दुष्काळ संपला.

नागानोला कॅनडाने सर्वोत्तम संघ पाठवला आणि उपांत्य सामन्यात चेक संघाविरुद्ध शूटआउटमध्ये तो हरला. पाचपैकी एकही कॅनडियन खेळाडू गोल करू शकला नाही. एनएचएलमधील सर्वाधिक गोलांचा विक्रम तेव्हा ज्याच्या नावावर होता, तो खेळाडू त्या पाचांत नव्हता. तो बाकावर बसून पाहत राहिला. सॉल्ट लेक सिटीला २००२ मध्ये, १९५२ च्या सुवर्णपदकाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्याच दिवशी, कॅनडाने अमेरिकेला ५-२ असे हरवले. तिथे बर्फ तयार करणाऱ्या कॅनडियन कारागिराने रिंकच्या मध्यभागी बर्फाखाली एक डॉलरचे नाणे पुरून ठेवले होते. सामन्यानंतर ते उकरून काढण्यात आले. २०१० मध्ये व्हँकुव्हरला अमेरिकेने २४ सेकंद उरले असताना बरोबरी साधली आणि जादा वेळेत कॅनडाने ३-२ असा विजय मिळवला. २०१४ मध्ये सोचीला कॅनडाने सहा सामन्यांत फक्त तीन गोल स्वीकारले. या संघाचा बचाव बघायला कंटाळवाणा होता, पण तो भेदणे जवळजवळ अशक्य होते.

२०१८ आणि २०२२ ला एनएचएलने पुन्हा खेळाडू सोडले नाहीत. प्योंगचांगला कॅनडाला कांस्यपदक मिळाले आणि बीजिंगला उपांत्यपूर्व सामन्यात स्वीडनने त्याला २-० असे हरवले. फेब्रुवारी २०२५ मध्ये चार देशांच्या स्पर्धेत एनएचएलचे खेळाडू घेऊन कॅनडाने बोस्टनला अमेरिकेला जादा वेळेत ३-२ असे हरवले. १९७२ च्या मालिकेप्रमाणे हा विजयही अधिकृत यादीत नाही.

१९७० मध्ये हुकलेली जागतिक स्पर्धा कॅनडात भरायला २००८ उजाडले. ती क्युबेक सिटी आणि हॅलिफॅक्सला झाली. अंतिम सामन्यात यजमानांकडे ४-२ अशी आघाडी असताना रशियाने बरोबरी साधली आणि जादा वेळेत ५-४ असा विजय मिळवला. त्या सामन्यात दोन्ही बाजूंनी एनएचएलचे खेळाडू होते आणि त्यांतील कोणालाही तो हौशी आहे का, असे कोणी विचारले नाही.