अँटी-ग्लेअर आणि ब्ल्यू-कट: एक उजेड आत सोडतं, दुसरं अडवतं

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका चष्म्याच्या दुकानात मी काउंटर सांभाळते. जूनमध्ये शाळा भरल्या की आया लेकरांना घेऊन येतात, डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवतात आणि म्हणतात, "ताई, ह्याच्या हातातला मोबाईल सुटत नाही. ब्ल्यू-कट बसवा, म्हणजे नंबर तरी वाढायचा नाही." मागे उभे असलेले काका अँटी-ग्लेअर घ्यायला आलेले असतात. दर ऐकून तेही विचारतात, "म्हणजे ब्ल्यू-कटच ना?"

नाही, काका. दिसायला दोन्ही काचा सारख्याच पांढऱ्या, पण अँटी-ग्लेअरची जास्तीत जास्त उजेड डोळ्यापर्यंत पोचावा म्हणून केलेली, आणि ब्ल्यू-कटची उजेडातला थोडा भाग अडवावा म्हणून. (काच म्हणते ती सवयीने. आता बसवतो त्या बहुतेक प्लास्टिकच्या असतात, ज्यांना आपण फायबर म्हणतो.)

घरात जुना चष्मा असेल तर आत्ताच बघा. ट्यूबलाइटखाली तो तिरका धरा आणि काचेत पडलेली ट्यूब न्याहाळा. पांढरी, ठसठशीत दिसली तर कोटिंग नाही. फिकट हिरवी दिसली तर बहुतेक अँटी-ग्लेअर. निळी-जांभळी चमकली तर ब्ल्यू-कट असू शकतं, पण काही अँटी-ग्लेअरचीही झाक निळसर असते. म्हणून मग चष्मा कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. काचेखालचा कागद किंचित पिवळट दिसला तर निळा उजेड अडवणारा पदार्थ काचेतच मिसळलेला आहे.

आता अँटी-ग्लेअरचं काम. उजेड काचेवर पडला की सगळाच पलीकडे जात नाही. साध्या फायबरच्या पुढच्या आणि मागच्या बाजूवरून मिळून सुमारे 8 टक्के उजेड परत फिरतो. नंबर मोठा म्हणून 1.67 इंडेक्सची (इंडेक्स म्हणजे काच उजेड किती वळवते त्याचा आकडा) पातळ काच घेतली तर परतणारा उजेड 12 टक्क्यांच्या आसपास जातो. त्यामुळे पातळ काच घेणाऱ्याला मी अँटी-ग्लेअर टाळू देत नाही. पैसे वाचवायचेच तर फ्रेममध्ये वाचवा.

या कोटिंगची युक्ती मला अजूनही फार सुंदर वाटते. काचेवर प्रकाशाच्या तरंगलांबीच्या, म्हणजे त्याच्या एका लाटेच्या लांबीच्या, पावपट जाडीचा थर चढवतात. थराच्या वरून परतणारी लाट आणि थराच्या खालून परतणारी लाट एकमेकींच्या बरोबर उलट पडतात आणि एकमेकींना संपवतात. परत न फिरलेला उजेड काचेतून पार जातो. जर्मनीतल्या झाइस कंपनीत आलेक्सांडर स्माकुला यांनी 1935 साली याचं पेटंट घेतलं, भिंगांवरची चमक घालवण्यासाठी. आज चष्म्यावर असे अनेक थर असतात. तरीही सगळे रंग एकाच वेळी सारखे मिटवता येत नाहीत. जो थोडा उरतो, तोच तुम्हाला ट्यूबखाली हिरवा दिसतो.

पुण्याहून रात्री गाडी चालवत येणारे हा फरक लगेच सांगतात. खंबाटकीच्या आसपास मागून येणाऱ्या गाडीचे दिवे चष्म्याच्या आतल्या बाजूवर आपटून डोळ्यात येतात, समोरच्या दिव्यांना शेजारी पुसट जुळी छबी दिसते. अँटी-ग्लेअरने हे बरंच जातं. पण समोरच्याने अप्पर मारला तर तो उजेड सरळ डोळ्यात घुसतो, तिथे कोटिंगचा इलाज चालत नाही. रात्रीसाठी म्हणून मिळणाऱ्या गडद पिवळ्या काचा तर घेऊच नका. आधीच कमी असलेला उजेड त्या आणखी कमी करतात, आणि रस्त्याच्या कडेने चालणारा माणूस उशिरा दिसतो.

ब्ल्यू-कटकडे वळते. निळ्या-जांभळ्या उजेडाचा काही भाग ते काचेत शोषतं किंवा काचेवरून परतवतं. साध्या दिसणाऱ्या काचेत हे प्रमाण साधारण 10 ते 25 टक्के असतं. काउंटरवर पेनासारख्या लेझरचा जांभळा ठिपका काचेने अडवून दाखवतात, तो प्रयोग मीही अनेक वर्षं दाखवला. मग कळलं की ती लेझर 405 नॅनोमीटर तरंगलांबीची असते आणि मोबाईलच्या पडद्यातला निळा उजेड मुख्यतः 450 च्या आसपासचा. लेझर अडते, पडद्याचा निळा बराचसा पार होतो. त्या दिवसापासून मी ते पेन खणात ठेवून दिलं.

पडद्यासमोर डोळे थकतात ते खरं, पण त्याचं कारण वेगळं आहे. एरवी आपण मिनिटाला साधारण 15 वेळा पापणी मिटतो, पडदा बघताना ते प्रमाण निम्म्यावर येतं आणि डोळे कोरडे पडतात. शिवाय तासन्‌तास जवळ बघून आतले स्नायू ताणलेले राहतात. 2023 साली कोक्रेन या वैद्यकीय संशोधन एकत्र पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी 17 चाचण्या एकत्र तपासल्या. ब्ल्यू-कटने डोळ्यांचा थकवा कमी होतो असं त्यांना दिसलं नाही, झोपेबद्दलही ठाम काही हाती लागलं नाही. अमेरिकेतली नेत्रतज्ज्ञांची अकादमीही संगणकासाठी असे चष्मे सुचवत नाही. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद लांब बघायला मात्र सांगते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

ब्ल्यू-कटने अपाय होत नाही. ज्यांना ती झाक आवडते त्यांना मी बसवून देते. पण स्वस्त ब्ल्यू-कटमध्ये अँटी-ग्लेअर असेलच असं नाही, तेव्हा दोन्ही वेगवेगळं विचारा आणि बिलावर वेगवेगळं लिहून घ्या. आणि अँटी-ग्लेअर घेतलं तर चष्मा उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. प्लास्टिक जास्त फुगतं, वरचा थर तेवढा फुगत नाही, आणि काचेवर जाळीसारख्या भेगा पडतात. पदराने कोरडं पुसण्याऐवजी आधी पाण्याखाली धरा.

राहिला त्या लेकराचा नंबर. लहानपणी मायनसचा नंबर वाढतो तो बहुतेक वेळा डोळ्याचा गोळा लांबत जातो म्हणून, आणि ब्ल्यू-कट त्याला थांबवत नाही. दिवसाचे दोनेक तास उघड्यावर खेळणाऱ्या मुलांना मायनसचा नंबर लागण्याचा धोका कमी असतो, एवढं अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणून त्या आईला मी सांगते, "ताई, ब्ल्यू-कटचे पैसे पॉलिकार्बोनेटला लावा. चेंडू लागला तरी ती काच सहसा फुटत नाही. वर अँटी-ग्लेअर घ्या. आणि संध्याकाळी ह्याला अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर पळायला सोडा, चष्मा लावूनच."